छातीतली शिल्लक

"घ्या श्वास, घ्या, घ्या, अजून घ्या… आता फुंका! जोरात! सोडा, सोडा, थांबू नका आजी, अजून, अजून, अजून…"

बाहेरच्या बाकावर बसून नुसतं ऐकणाऱ्याला वाटावं, आत कुणाचं बाळंतपण चाललंय. आत माझी ७२ वर्षांची आत्या स्टुलावर ताठ बसली होती. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि समोर पंचविशीतला तंत्रज्ञ शर्यतीच्या बैलाला हाकारावं तसा तिला हाकारत होता. तिच्या पित्ताशयातले खडे काढायचे होते, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधी पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांची चाचणी, करून आणायला सांगितलं होतं. पहिल्या खेपेला आत्याने गाल फुगवून बारीक, लांबट फुंकर मारली. "आजी, असं नाही," तंत्रज्ञ म्हणाला. पण त्यात तिची काय चूक? आयुष्याची पंचवीस-तीस वर्षं तिने चुलीपुढे फुंकणी धरलेली. फुंकणीत असंच फुंकतात, बेताने, नेम धरून, राख न उडवता. यंत्राला हवा होता धडाका. तिसऱ्या खेपेला जमलं. सहा सेकंद ती सोडत राहिली, चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मग नळी बाजूला करून म्हणाली, "संपला रे बाबा. काही म्हणून शिल्लक नाही आता."

शिल्लक होती. लिटर-दीड लिटर हवा तिच्या छातीत तेव्हाही होती, आणि कितीही हाकारलं असतं तरी ती बाहेर आली नसती. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे ज्या यंत्रापुढे ती बसली होती त्याला ही हवा दिसतच नाही. जे बाहेर येतं तेवढंच ते मोजतं. त्या शिलकीपर्यंत पोचायचं तर आधी दिसणाऱ्या हवेचा हिशेब मांडावा लागतो.

माप डोळ्यांपुढे राहावं म्हणून अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी घेऊ. आत्ता वाचता वाचता तुम्ही जो श्वास घेताय, ज्याकडे लक्षही नाही, तो साधारण एक पिशवी भरेल एवढा असतो, म्हणजे ५०० मिलिलिटर. डॉक्टर याला टायडल व्हॉल्यूम म्हणतात. टाइड म्हणजे भरती-ओहोटी. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते, कारण ओहोटी लागली म्हणून समुद्र आटत नाही. पाणी थोडं मागे सरतं, एवढंच. मिनिटाला १२ श्वास धरले तर ६ लिटर हवा आत-बाहेर होते, आणि दिवसभरात साडेआठ हजार लिटरच्या वर. उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा टँकर बहुधा दहा-बारा हजार लिटरचा असतो. तेवढी नाही, पण त्याच्या जवळपास हवा आपण रोज बसल्याजागी उपसतो.

आता साधा श्वास आत घेऊन तिथेच थांबू नका, आणखी ओढा, खांदे वर जाईपर्यंत. ही जी वरची हवा आत आली ती थोडीथोडकी नाही, जवळजवळ ३००० मिलिलिटर, सहा पिशव्या. ही आत घेण्याची राखीव जागा. जिना चढताना, बसमागे धावताना आपण हिच्यातच हात घालतो. उलट बाजूलाही अशी राखीव आहे. साधा उच्छ्वास झाला, आता पोट आत ओढून आणखी सोडा. दोन पिशव्यांहून थोडी जास्त, ११०० मिलिलिटर, बाहेर येईल. आणि त्यानंतर आत्याची ती 'संपलेली' हवा, १२०० मिलिलिटर, जी कधीच बाहेर येत नाही. तिचं नाव रेसिड्युअल व्हॉल्यूम. साध्या मराठीत शिल्लक.

हे आकडे पुस्तकातले, म्हणजे तरुण, धडधाकट पुरुषाचे. बायकांचे त्याहून पाव-पंचमांश हिश्शाने कमी. आत्यासारख्या पाच फुटांहून बुटक्या बाईचे आणखी कमी.

व्हॉल्यूम आणि कपॅसिटी या दोन शब्दांत विद्यार्थी नेहमी अडखळतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण व्यवहारात दोन्हींचा अर्थ 'किती मावतं' असाच वाटतो. खरं तर वर सांगितलेले चार हिस्से ही सुटी नाणी आहेत, ते व्हॉल्यूम. त्यांतली दोन किंवा जास्त नाणी एकत्र मोजली की झाली कपॅसिटी. साधा श्वास आणि वरची राखीव मिळून ३५०० मिलिलिटर होतात, म्हणजे उच्छ्वास संपल्यापासून गच्च भरेपर्यंत जेवढं आत घेता येतं तेवढं. खालची राखीव आणि शिल्लक मिळून २३०० होतात. या जोडीकडे मला नंतर सविस्तर यायचं आहे. चारही नाणी मिळून ५८०० मिलिलिटर, म्हणजे फुफ्फुसांत एकूण मावणारी हवा, जवळपास बारा पिशव्या. आणि शिल्लक सोडून बाकी तिन्ही मिळून ४६००. ही व्हायटल कपॅसिटी.

व्हायटल कपॅसिटी समजायला हुतूतूइतकी चांगली शाळा नाही. चढाईला जाणारा गडी मध्यरेषेवर छाती गच्च भरून घेतो आणि 'हुतूतूतू' सुरू करतो. त्याला दम घालणं म्हणतात, आणि तो शब्द अगदी नेमका आहे. एकदा सुरू झालं की पुन्हा श्वास घ्यायचा नाही. त्याच्या हाती जे भांडवल आहे ते म्हणजे व्हायटल कपॅसिटी. हुशार गडी ते बारीक धारेने खर्च करतो, घाईतला गडी पहिल्या पाच सेकंदांत उधळतो. दम तुटला तेव्हाही छातीत लिटरभर हवा असते, पण ती त्याच्या कामाची नाही. बँकेतल्या किमान रकमेसारखी. खात्यावर दिसते, काढता येत नाही.

घरी मोजून बघायचं असेल तर महागडं काही लागत नाही. पाच लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा कॅन घ्या. मापाने पाणी ओतत जा आणि दर पाव लिटरला पेनने रेघ मारा. कॅन काठोकाठ भरा, तोंडावर तळहात दाबून पाण्याच्या टबात उलटा करा. आतलं पाणी तसंच राहील. आता एक स्वच्छ रबरी नळी टबातून कॅनच्या तोंडात सरकवा, छाती भरून श्वास घ्या, नाक चिमटीत धरा आणि नळीतून सोडत राहा. बुडबुडे वर जातील, पाणी खाली ढकललं जाईल. जिथवर पाणी उतरलं तिथली रेघ वाचा. माझी पावणेचार लिटरवर थांबली, आणि पुतण्याची सव्वाचारवर, ज्याचा त्याला चार दिवस अभिमान होता. खरा आकडा याहून थोडा जास्तच असतो. छातीतली हवा ३७ अंशांची आणि दमट असते. ती पाण्यातून जाताना थंड होते, आक्रसते. दवाखान्यातलं यंत्र ही तूट आकडेमोडीने भरून काढतं. एक मात्र सांगायला हवं. ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी हा जोरकस फुंकण्याचा खेळ करू नये.

जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने हेच केलं, फक्त नीटनेटकं. पाण्यात उपडी घातलेली धातूची घंटा, तिला तोल देणारी वजनं आणि बाजूला मोजपट्टी. १८४६ साली त्याने या यंत्राची हकिगत छापली, यंत्राला स्पायरोमीटर नाव दिलं आणि व्हायटल कपॅसिटी हा शब्दही त्याचाच. त्याने २१३० माणसांकडून फुंकून घेतलं, खलाशी, बंबवाले, पोलीस, पैलवान, अनाथालयातले गरीब आणि सभ्य गृहस्थही. या ढिगातून त्याला जे सापडलं ते आज इतकं सरावाचं झालंय की कुणी मुद्दाम सांगत नाही. माणसाची हवा त्याच्या वजनावर नाही, उंचीवर ठरते. पाच ते सहा फुटांच्या दरम्यान उंची एक इंच वाढली की हवा ८ घनइंच, म्हणजे साधारण १३० मिलिलिटर, वाढते. त्या काळच्या आयुर्विमा कंपन्यांना क्षयाने पोखरलेलं फुफ्फुस आधीच ओळखायचं होतं, आणि हचिन्सनचं यंत्र त्यांच्या कामाचं होतं. स्वतः हचिन्सन मात्र काही वर्षांतच इंग्लंड सोडून ऑस्ट्रेलियाला गेला आणि १८६१ साली फिजी बेटांवर वारला.

आत्याचा रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यात आकड्यांच्या दोन रांगा होत्या. एक तिने फुंकलेल्या हवेची, दुसरी 'अपेक्षित' हवेची. ही अपेक्षा कुणाची? निरोगी माणसांच्या मोठ्या गटांवरून वय, उंची आणि लिंग धरून बसवलेली सूत्रं असतात, त्यांची. म्हणून तंत्रज्ञाने आधी तिला भिंतीला टेकवून उंची घेतली. पाठ वाकलेली असेल तर उंचीऐवजी दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंतचं अंतर घेतात, कारण कणा वाकला तरी हातांची हाडं वाकत नाहीत.

या सूत्रांत एक कटू इतिहास दडलेला आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर, १८६९ साली, बेंजामिन गूल्डने सैनिकांची मापं छापली. त्यात काळ्या सैनिकांची हवा गोऱ्यांपेक्षा कमी दिसली. कमी अन्न, कोंदट घरं, गुलामगिरीत गेलेलं बालपण यांचा विचार न करता तो फरक वंशाचाच मानला गेला, आणि पुढे तो यंत्रांच्या आत जाऊन बसला. काळ्या माणसाची अपेक्षित हवा १० ते १५ टक्के आणि आशियाई माणसाची ४ ते ६ टक्के कमी धरायची, अशी दुरुस्ती कितीतरी यंत्रांत असायची. परिणाम असा की आजारी माणसाचाही रिपोर्ट 'नॉर्मल' म्हणून येई. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंश बाजूला ठेवून मोजायची शिफारस २०२३ साली केली. त्यामुळे रिपोर्टवरचा 'अपेक्षित' हा शब्द मी तरी देववाणी मानत नाही. तो एका सरासरीचा अंदाज आहे.

आता शिलकीकडे. ती का उरते?

छाती उघडून पाहिली असती तर कळलं असतं की फुफ्फुस आणि बरगड्यांचा पिंजरा यांचं एकमेकांशी पटत नाही. फुफ्फुस रबरासारखं आहे. मोकळं सोडलं तर आक्रसून मुठीएवढं होऊ पाहतं. पिंजरा स्प्रिंगसारखा, मोकळा सोडला तर बाहेर फाकू पाहतो. दोघांच्या मधे पातळ ओलसर पडदा आणि त्यात वातावरणापेक्षा किंचित कमी दाब, त्यामुळे दोघं एकमेकांना चिकटून राहतात. एक आत ओढतं, दुसरं बाहेर, आणि ही रस्सीखेच जिथे बरोबरीत सुटते तिथे आपला साधा उच्छ्वास आपोआप थांबतो. त्या क्षणी एकही स्नायू काम करत नसतो आणि छातीत २३०० मिलिलिटर हवा असते. वर ज्या जोडीकडे नंतर येतो म्हटलं होतं ती हीच, तिला फंक्शनल रेसिड्युअल कपॅसिटी म्हणतात. छातीला भोक पडून त्या पडद्यात हवा शिरली तर रस्सी तुटते, फुफ्फुस आत गोळा होतं आणि पिंजरा बाहेर उसळतो. अपघातात हे घडतं, आणि ते पाहिलं की इतर वेळी हे दोघं किती ताणाखाली बांधलेले असतात ते ध्यानात येतं.

या बिंदूच्या खाली हवा ढकलायची तर पोटाचे स्नायू लावावे लागतात. पण पिंजरा हाडांचा आहे, तो एका हद्दीपलीकडे दबत नाही. शिवाय दाबता दाबता बारीक श्वासनलिका स्वतःच मिटतात आणि त्यांच्या पलीकडची हवा आत कोंडली जाते. तिथे शिल्लक उरते.

ती उरते म्हणून बरं. नवा कोरा फुगा फुगवताना पहिली फुंकर जीव काढते, थोडा फुगला की मग सोपं जातं. फुफ्फुसात असे बारीक फुगे, वायुकोश, ३० ते ५० कोटी आहेत. दर उच्छ्वासाला ते पूर्ण मिटले असते तर दर श्वास हा पहिल्या फुंकरीसारखा झाला असता. शिल्लक हवा त्यांना अर्धवट उघडं ठेवते. जोडीला आतून एक साबणासारखा थर असतो, सर्फॅक्टंट, जो ओलाव्याची चिकटून बसण्याची ओढ कमी करतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा थर पुरेसा तयार झालेला नसतो. त्यांच्या छाती प्रत्येक श्वासाला खड्डा पडल्यासारख्या आत जातात, त्याचं कारण हेच, असं मेरी एलन अॅव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवलं. आज अशा बाळांच्या नाकाशी सीपॅपची नळी लावतात. ती बाळाच्या वतीने श्वास घेत नाही. उच्छ्वासाच्या शेवटी थोडी हवा आत राखून ठेवते, बस्स.

दुसरा फायदा रांजणाचा. रांजणात पाणी भरलेलं आहे, तुम्ही तांब्याभर काढता आणि तांब्याभर नवं ओतता. रांजणातलं पाणी एकदम गार किंवा एकदम गरम होत नाही. छातीतल्या २३०० मिलिलिटरमध्ये दर श्वासाला जेमतेम ३५० मिलिलिटर ताजी हवा मिसळते, म्हणजे सातवा हिस्सा. जुन्यातली निम्मी बदलायला चार-पाच श्वास लागतात. त्यामुळे बोलताना, गिळताना, शिंकताना श्वास थांबला तरी रक्तातला ऑक्सिजन गोते खात नाही.

भूल देणारे डॉक्टर याच रांजणावर विसंबून असतात. आत्याला टेबलावर घेतल्यावर त्यांनी उशाकडचा भाग थोडा वर केला, नाका-तोंडावर मास्क धरला आणि तीन मिनिटं नुसता ऑक्सिजन घ्यायला लावला. हे तिला शांत करायला नव्हतं. शरीराला मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. छातीत साधी हवा असताना या रांजणात ऑक्सिजन ३०० मिलिलिटरच्या आसपास असतो, म्हणजे श्वास थांबला तर मिनिटभराची सोय. तोच रांजण ऑक्सिजनने भरून घेतला तर दोन लिटर होतो आणि सात-आठ मिनिटं मिळतात. भुलीचं औषध गेल्यापासून श्वासनलिकेत नळी बसेपर्यंतचा तो मोकळा वेळ. उताणं झोपल्यावर पोटातले अवयव वर सरकतात आणि हा रांजण लहान होतो, म्हणून उसं वर घेतात. स्थूल माणसांत आणि गरोदर बायकांत तो आधीच लहान असतो, तिथे डॉक्टरांचं लक्ष घड्याळाकडे जास्त.

बाहेर न येणारी हवा मोजायची कशी, हा कोड्यासारखा प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला हम्फ्री डेव्हीने १८०० साली स्वतःच्याच छातीत हायड्रोजन ओढून तो सोडवला. आज हायड्रोजनऐवजी हेलियम वापरतात, हिशेब तोच. एखाद्या अपारदर्शक भांड्यात किती पाणी आहे कळत नसेल तर त्यात ठरावीक मीठ टाका, ढवळा आणि चव घ्या. किती पातळ झालं त्यावरून पाणी कळतं. समजा एका डब्यात २ लिटर हवा आहे आणि तिच्यात १० टक्के हेलियम. रुग्ण साधा उच्छ्वास सोडून थांबतो, त्या क्षणी त्याला डब्याशी जोडतात, आणि तो काही मिनिटं त्यातच श्वासोच्छ्वास करतो. हेलियम रक्तात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे तो हरवत नाही, पसरतो. शेवटी डब्यात हेलियम ५ टक्के भरला, तर जागा दुप्पट झाली, म्हणजे छातीत २ लिटर होते. त्यातून खालची राखीव वजा केली की खरी शिल्लक.

पण चिकटलेल्या नळ्यांच्या पलीकडे कोंडलेली हवा या मिठाला भेटतच नाही. तिच्यासाठी काचेची बंद खोली असते, जुन्या एसटीडी बूथसारखी. आत बसलेल्या माणसाची नळी क्षणभर बंद करून त्याला श्वास ओढायला लावतात. छाती फुगली की आतला दाब उतरतो आणि खोलीतला किंचित चढतो. शाळेत शिकलेला बॉइलचा नियम इथे कामी येतो. दाबातल्या त्या बदलावरून छातीतली सगळी हवा कळते, कोंडलेलीही. ही खोली ड्युबॉइस आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली वापरात आणली. हेलियमचा आकडा आणि खोलीचा आकडा यांच्यातली तफावत म्हणजे कोंडलेली हवा.

ही कोंडलेली हवाच दम्याची आणि धुराने खराब झालेल्या फुफ्फुसांची खरी कहाणी सांगते. दम लागलेला माणूस म्हणतो, "श्वास आत जात नाही." ऐकणाऱ्यालाही तसंच वाटतं. प्रत्यक्षात अडचण बहुतेक वेळा बाहेर टाकण्याची असते. श्वास घेताना फुगणारं फुफ्फुस आपल्याबरोबर नळ्यांनाही ओढून रुंद करतं, सोडताना त्या दबतात. आधीच अरुंद झालेल्या नळ्या सोडताना आणखी मिटतात, थोडी हवा आत राहते. पुढचा श्वास तिच्यावर येऊन बसतो, त्यातलीही थोडी राहते. पातळी वर वर सरकत जाते, शिल्लक फुगते, वरची राखीव खलास होते. मग छाती भरलेली असते म्हणून आत जायला जागा नसते. गच्च भरलेल्या एसटीत कंडक्टरने कितीही 'मागे सरका' म्हटलं तरी कुणी उतरल्याशिवाय कुणी चढत नाही. अशी माणसं न शिकवता ओठ बारीक करून हळू सोडायला लागतात, बशीतल्या चहावर फुंकर घालावी तशी. त्या फुंकरीने आत थोडा दाब टिकतो, नळ्या मिटत नाहीत आणि हवा जास्त निघते.

यंत्र हे अप्रत्यक्ष ओळखतं, वेळ लावून. एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर आली हे पाहायची कल्पना फ्रान्सच्या रोबेर टिफनो यांनी १९४७ साली मांडली. तरुण निरोगी माणूस पहिल्या सेकंदात ८० टक्के सोडून मोकळा होतो. नळ्या रुंद करायचं औषध दिल्यावरही ही टक्केवारी ७० च्या खाली असेल तर वाट अडलेली आहे. फुफ्फुस कडक झालं असेल, उदाहरणार्थ फायब्रोसिसमध्ये, तर टक्केवारी चांगली आणि एकूण हवाच कमी असं चित्र दिसतं.

आत्याची निघाली ७६. तंत्रज्ञाने "ठीक आहे" म्हटलं, पण डॉक्टरांनी तिला विचारलं, "विडी-तंबाखू?" ती रागावलीच. "घरात चूल होती?" या प्रश्नावर मात्र तिला पुष्कळ बोलायचं होतं. सीओपीडी, म्हणजे श्वासाची वाट कायमची अडवणारा आजार, हा फक्त विडीवाल्यांचा नाही, चुलीच्या धुरात रांधणाऱ्या बायकांचाही आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'द लॅन्सेट'मध्ये ठासून मांडलं. ज्या फुंकणीने तिला बारीक, नेमकं फुंकायला शिकवलं, तिच्याच टोकाशी तो धूर होता. वयाचाही वाटा असतोच. पंचविशी उलटली की एकूण माप फारसं बदलत नाही, पण फुफ्फुसाचं रबर सैल पडत जातं, शिल्लक हळूहळू वाढते आणि तेवढी व्हायटल कपॅसिटी घटते.

प्राणायामाने फुफ्फुसं वाढतात का, हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. मोठ्या माणसाच्या छातीचा पिंजरा वाढत नाही, त्यामुळे बारा पिशव्यांच्या सोळा होत नाहीत. पण पूरक आणि रेचक लांबवण्यात एक चोख हिशेब आहे. सकाळी नळ सोडला की आधी पाइपमध्ये अडकलेलं पाणी येतं, मग टाकीचं. तसंच, दर श्वासातली पहिली १५० मिलिलिटर ही नाकापासून नळ्यांपर्यंत साचलेली वापरलेली हवा असते. वायुकोशांना ताजी मिळते ती उरलेली. अर्ध्या लिटरचे १२ श्वास घेतले तर ४२०० मिलिलिटर कामी येतात. पाव लिटरचे २४ घेतले तर एकूण हवा तेवढीच, सहा लिटर, पण कामी येतात फक्त २४००. एक लिटरचे ६ घेतले तर ५१००. धापा टाकण्यात अशी हवा वाया जाते.

शस्त्रक्रियेनंतर नेमकं हेच बिघडतं. आपण सगळे दर पाच-सात मिनिटांनी एक मोठा श्वास घेत असतो, दुप्पट मापाचा, नकळत. मराठीत त्याला सुस्कारा म्हणतात आणि त्याचा संबंध उगाच दुःखाशी जोडतात. मिटू लागलेले वायुकोश उघडणं हे त्याचं काम. पोटावर टाके पडले की दुखतं, माणूस सुस्कारा टाळतो, वरवरचे छोटे श्वास घेतो, आणि फुफ्फुसाचा खालचा भाग मिटून तिथे कफ साचतो. म्हणून दुसऱ्याच दिवशी आत्याच्या हाती ते तीन बॉलचं निळं यंत्र आलं. कोविडनंतर बहुतेक घरांत कुठल्या तरी कपाटावर ते धूळ खात पडलेलं असतं.

तिने नळी तोंडात धरली आणि सवयीने फुंकली. बॉल ढिम्म.

"आजी, फुंकायचं नाही, ओढायचं," फिजिओथेरपीची मुलगी म्हणाली.

"परवा तो मुलगा फुंका म्हणून ओरडत होता. एकदा काय ते ठरवा तुम्ही लोक."

मग ओढलं. पहिला बॉल टकदिशी वर गेला, दुसरा थरथरला आणि खाली बसला. त्या बॉलांवर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात, ते किती हवा आत गेली याचे नाहीत, सेकंदाला किती वेगाने गेली याचे आहेत. म्हणजे झटका मारून तिन्ही बॉल उडवता येतात आणि छातीत काहीच भरत नाही. मुलीने तिला हे समजावून सांगितलं. दोनच उचला, पण तीन सेकंद वर धरून ठेवा, तेवढ्याने तळापर्यंत उघडतं. आत्याने मान डोलावली. चौथ्या दिवशी घरी आल्यावर दोन बॉल वर आणि तीन सेकंद, अगदी सांगितल्याप्रमाणे, दर तासाला. आणि मी स्वयंपाकघरात गेलोय असं वाटलं की एक जोरदार झटका, तिसऱ्यासाठी.